शाळेतला भाषा क्लब तिसऱ्या आठवड्यात का मरतो? (बाकीच्या क्लबांचे अनुभवही चालतील)

फळाखडू | शुक्रवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी माध्यमिक शाळेत फ्रेंच शिकवते. गेल्या वर्षी सगळ्या भाषाशिक्षकांना एकेक क्लब वाटून दिला, तसा फ्रेंच क्लब माझ्या वाट्याला आला. दर शुक्रवारी शेवटची चाळीस मिनिटं. पहिल्या शुक्रवारी ३४ नावं आली, मी हरखले. दुसऱ्या शुक्रवारी २१, तिसऱ्या शुक्रवारी ९. वर्ष संपताना ३ उरली. त्यातली एक मुलगी बस उशिरा येते म्हणून बसायची. हे तिनेच मला सांगितलं, अगदी निरागसपणे.

मी काय काय केलं ते आधीच लिहिते, म्हणजे पुन्हा तेच सुचवलं जाणार नाही. क्रियापदांचे पत्ते. शब्दकोडी. गाणं ऐकून गाळलेल्या जागा भरा. एक सिनेमा, चार शुक्रवारांत तुकडे करून. आणि पुठ्ठ्याचा आयफेल टॉवर. हो, आयफेल टॉवर. एकही फ्रेंच शब्द न उच्चारता मुलांनी तो झकास उभा केला.

सुट्टीत निवांत बसल्यावर लक्षात आलं, की मी क्लब चालवतच नव्हते. मी आणखी एक तास घेत होते, फक्त हजेरी न मांडता. ज्या तासाला हजेरी नाही त्याला मुलं येत नाहीत, यात मुलांचं काय चुकलं?

समोरच्या वर्गात बुद्धिबळाचा क्लब भरतो. तिथले सर कधी येतात, कधी येत नाहीत. मुलं येतात, पट मांडतात, भांडतात, पट आवरून जातात. मी दारातून बघते आणि जळते.

वरून दर महिन्याला अहवाल आणि एक फोटो पाठवावा लागतो. त्यामुळे जे फोटोत चांगलं दिसतं तेच हातून घडतं. टॉवरचा फोटो फार छान आला होता.

तर प्रश्न असा: तुमच्या किंवा तुमच्या मुलांच्या शाळेत जे क्लब टिकले, तिथे मुलं नेमकं काय करत होती? "मजा यायची" एवढंच नको. हातांनी, तोंडाने काय करत होती ते हवंय. भाषेचा क्लब असो, आकाशाचा, रेडिओचा, कशाचाही.


टिंबटिंब

आमच्या शाळेतल्या जर्मन क्लबने थर्मोकोलची बर्लिनची भिंत बांधली होती. स्नेहसंमेलनात पाडायची होती. पडेना. शेवटी दोघांनी उचलून आत नेली.


काकदृष्टी

कटू बोलतो, राग मानू नका. माझी मुलगी तीन क्लबांत आहे. तिन्हीकडे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव असे मिळून सात पदाधिकारी आणि सभासद पाच. हे सगळं पुढे प्रवेशअर्जावर लिहिण्यासाठी चाललंय. मुलांना शाळा सुटल्यावर घरी जाऊ द्या, खेळू द्या. मेलेला क्लब मेलेलाच बरा.


टिंबटिंब

सात पदाधिकारी आणि पाच सभासद, हे गणित कसं जमवलं?


काकदृष्टी

तेच तर. दोन पदाधिकारी सभासद नाहीत.


अडीचघर

ताई, समोरच्या वर्गाबद्दल मी सांगतो. शाळेत असल्यापासून खेळतोय आणि आता मुलांच्या स्पर्धा घेतो.

पटावर दोघं समोरासमोर बसली की काम सुरू होतं, तिसऱ्याची गरज नसते. म्हणून सर नसले तरी चालतं. तुमच्याकडे तुम्ही खोलीबाहेर गेलात की काम थांबत असणार. हा एक फरक. दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडेही पूर्वी बाद पद्धतीने स्पर्धा व्हायच्या. ३२ मुलं असली तर पहिल्या फेरीत १६ बाद. पुढच्या शुक्रवारी ती १६ कशाला तोंड दाखवतील? मग आम्ही स्विस पद्धत धरली. १८९५ साली झुरिकच्या स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली, म्हणून हे नाव. हिच्यात कोणी बाद होत नाही. दर फेरीला ज्याचे गुण तुमच्याइतके, त्याच्याशी तुमची गाठ. ३२ जणांत पाच फेऱ्या पुरतात, आणि गंमत अशी की तिसऱ्या फेरीपासून शेवटच्या पटावरही तुल्यबळ झुंज असते. आमच्याकडचे सगळ्यात रंगलेले, सगळ्यात चुकांचे आणि सगळ्यात जास्त प्रेक्षकांचे डाव त्या शेवटच्या पटावर होतात.

आता मला सांगा, तुमच्या ३४ जणांत कोणाला किती फ्रेंच येत होतं?


फळाखडू

नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. दोघं जण लहानपणी फ्रेंच शाळेत शिकून आलेले, घडाघडा बोलणारे. दहाएक जणांचं एक वर्ष झालेलं. बाकीच्यांचं "बोंजूर"च्या पुढे गाडं नाही. मी काही विचारलं की ते दोघं उत्तर देणार, मी कौतुक करणार आणि उरलेले ३२ जण खिडकीबाहेर बघणार. म्हणजे पहिल्याच फेरीत ३२ बाद केले की मी!


अर्धविराम

ही अडचण मुळातच टाळणारा एक प्रकार आहे, भाषाशास्त्राची कोडी. मुलांना अजिबात न येणाऱ्या भाषेतली थोडी वाक्यं आणि त्यांचे अर्थ द्यायचे. त्यावरून नियम त्यांनी शोधायचा आणि नवीन वाक्य बनवून दाखवायचं. भाषा कोणालाच येत नसल्यामुळे सगळे एका रेषेत उभे. मॉस्कोमध्ये शाळकरी मुलांसाठी अशी स्पर्धा १९६५ पासून होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड २००३ मध्ये बल्गेरियात सुरू झालं. त्यात एकट्याने सोडवायची पाच कोडी असतात आणि वेळ तब्बल सहा तास. शिवाय चौघांनी मिळून सोडवायचं एक महाकठीण कोडं वेगळं. क्लबसाठी मला हा चौघांचाच प्रकार आवडतो. चौघांत एक तरी मोठ्याने विचार करणारा निघतो आणि एक गप्प बसून शेवटी उत्तर सांगणारा.

नमुन्यादाखल एक देतो. डॅनिश भाषेतल्या संख्या (उच्चार मी लेखनावरून जुळवलेत, खऱ्या डॅनिश माणसासमोर म्हणू नका):

त्रेस = ६०
हाल्वत्रेस = ५०
फिर्स = ८०
हाल्वफिएर्स = ७०
हाल्वफेम्स = ?

मदत एवढीच: त्रे म्हणजे ३, फिरे म्हणजे ४, फेम म्हणजे ५ आणि हाल्व म्हणजे अर्धा. उत्तर इतक्यात फोडू नका.

अवांतर: असल्या कोड्यांतून आपलीच भाषा नव्याने दिसते. एकोणीस म्हणजे विसाला एक कमी, हे आपण शंभरदा म्हणतो आणि ऐकत नाही. लॅटिनमध्ये १९ ला "उन्देविगिन्ती" म्हणतात, तेही विसातून एक वजा. ते १८ लाही "विसातून दोन" म्हणतात. आपण तिथे थांबलो.


काकदृष्टी

डॅनिश आकडे मोजून मुलं करणार काय? व्यवहारात कुठे लागतात?


अर्धविराम

मायकेल व्हेंट्रिस चौदा वर्षांचा असताना, १९३६ मध्ये, शाळेतून लंडनला एक प्रदर्शन बघायला गेला. तिथे पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्स क्रीट बेटावर सापडलेल्या मातीच्या पाट्या दाखवत होते. त्यांवरची लिपी कोणालाच वाचता येत नव्हती. पोराच्या डोक्यात ते बसलं. पुढे तो वास्तुविशारद झाला, घरं आणि शाळा यांचे आराखडे काढू लागला आणि १९५२ मध्ये त्याने ती लिपी उलगडली. लिनिअर बी. आतली भाषा प्राचीन ग्रीक निघाली. खुद्द त्यालाही ते अपेक्षित नव्हतं.

अर्थात तो क्लब नव्हता, सहल होती. आणि बाकीची मुलं काय बघून आली ते इतिहासात नाही. त्यामुळे हा पुरावा नाही, नुसती गोष्ट आहे.


बाकावरून

मी अकरावीत आहे. मोठ्यांच्या धाग्यात लिहितोय, चालेल ना?

मी स्पॅनिश क्लब दुसऱ्या आठवड्यात सोडला. मी एक वाक्य बोललो तर बाईंनी मध्येच थांबवलं, कारण मी "सेर" वापरलं होतं आणि तिथे "एस्तार" हवं होतं (दोन्ही म्हणजे "असणे"च, पण जागा वेगळ्या). दुरुस्ती बरोबरच होती. पण ते वाक्य माझ्या हरवलेल्या कुत्र्याबद्दल होतं, आणि कुत्र्याचं पुढे काय झालं हे कोणी विचारलंच नाही.

आता आम्ही पाच जण वेगळंच करतो. शाळेतल्या मुलांनी काढलेल्या छोट्या फिल्म्सना स्पॅनिश सबटायटल्स देतो. यात शिक्षक कोणी नाही. नियम जे खरे लोक पाळतात तेच: एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत साधारण ४२ अक्षरं, आणि पात्र गप्प झालं की ओळ गेली पाहिजे. माणूस बोलतो भरभर, तेवढं सगळं लिहिलं तर वाचून होत नाही. मग काय गाळायचं यावर भांडण. "अरे"चं काय करायचं यावर आम्ही एक अख्खी दुपार घालवली. शेवटी गाळलं. मला अजून पटलेलं नाही.


फळाखडू

कुत्र्याचं पुढे काय झालं?


बाकावरून

सापडला. शेजारच्या गॅरेजमध्ये झोपला होता.


चांदणचकवा

आता माझी पाळी. लांबण लागणार आहे, हातातलं काम आवरून बसा.

मी युरोपातल्या एका शाळेत आकाशदर्शनाचा क्लब चालवायचो. अशा क्लबची खरी अडचण म्हणजे तारे रात्री दिसतात आणि शाळा दिवसा भरते. महिन्यातून एकदा रात्री जमायचो. त्या रात्री हमखास ढग. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि नेमकं विसाव्या मिनिटाला कोणीतरी मोबाईल उघडतं. उरलेल्या शुक्रवारी मी चित्रफिती दाखवायचो, म्हणजे ताईंचा सिनेमाच.

मग ठरवलं की दिवसा करता येईल असं काहीतरी काढायचं. प्राचीन ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसचा प्रयोग सगळ्यांना माहीत असेल. दोन गावांत भर माध्यान्ही काठीच्या सावलीवरून सूर्याचा कोन काढायचा, दोन्ही कोनांतला फरक आणि दोन गावांमधलं उत्तर-दक्षिण अंतर घेतलं की पृथ्वीचा परीघ हातात. एक मीटरची काठी, ओळंबा, मोजपट्टी, एवढंच सामान. पण दुसरं गाव लागतं. आणि दुसऱ्या गावात काठी धरायला माणसं लागतात.

आम्हाला साधारण ९०० किलोमीटर दक्षिणेला एक शाळा मिळाली, दक्षिण फ्रान्समधली. त्यांच्या विज्ञानाच्या सरांना इंग्रजी जेमतेम, आम्हाला फ्रेंच शून्य. शेजारच्या खोलीत फ्रेंच क्लब शेवटचे आचके देत होता (ताई, तुमच्यासारखाच, टॉवरसकट). मी जाऊन म्हटलं, आम्हाला एक पत्र लिहून द्याल का?

पहिल्यांदा त्या मुलांसमोर असं वाक्य आलं जे चुकलं तर काहीतरी बिघडणार होतं. आणि बिघडलंच! आम्ही सांगितलं, "माध्यान्हीची सावली मोजा." त्यांनी लिहिलं, "आ मिदी." फ्रेंचमध्ये "मिदी" म्हणजे माध्यान्ह आणि "मिदी" म्हणजेच घड्याळातले दुपारचे बारा. समोरच्या मुलांनी इमानेइतबारे बाराच्या ठोक्याला सावली मोजली. उन्हाळी वेळेमुळे घड्याळ तासभर पुढे, आणि त्यात त्यांच्या गावाचं रेखांश. तिथे सूर्य खरा माथ्यावर येत होता दुपारी १:४० च्या सुमारास. आम्ही मात्र आमच्याकडे सगळ्यात आखूड सावलीची वाट बघत बसलो होतो. कोनांत जेमतेम दीड अंशाचा फरक आला, आणि गणित केल्यावर पृथ्वीचा परीघ निघाला दोन लाख किलोमीटरच्या वर. पाच पृथ्व्या.

तो शुक्रवार मी विसरणार नाही. आकाशवाले म्हणत होते तुमचं भाषांतर चुकलं, फ्रेंचवाले म्हणत होते तुमची काठी वाकडी. पत्र पुन्हा काढलं. एक मुलगी शब्दकोश घेऊन बसली आणि तिने शोधून काढलं की दक्षिण फ्रान्सलाही ते लोक "ल मिदी"च म्हणतात, कारण माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला असतो. म्हणजे आम्ही मिदीतल्या मुलांना मिदीला मोजा म्हणत होतो. नवीन पत्रात "सौर माध्यान्ह" असा शब्द घातला, वर सोप्या भाषेत लिहिलं: "दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करा, आणि सगळ्यात आखूड सावली कळवा." हे वाक्य फ्रेंचमध्ये नीट बसवायला दोन शुक्रवार लागले. आज्ञार्थ, विशेषणाची उत्तमावस्था, "दर"साठीचा शब्द. ताई, तुमची सगळी व्याकरणपुस्तिका त्या एका पत्रात होती, फक्त कोणी तिला व्याकरण म्हणत नव्हतं.

दुसऱ्या खेपेला फरक ८.५ अंश आला आणि परीघ ३८,१०० किलोमीटर. खरा आकडा ४०,००० च्या किंचित वर, म्हणजे पाच टक्क्यांच्या आत चूक. शाळेच्या मैदानावर काठी रोवून एवढं पुष्कळ झालं.

पुढची गंमत म्हणजे त्या मुलांचीही पत्रं येऊ लागली. मग काठीचा विषय संपला आणि त्यांचं त्यांचं काहीतरी सुरू झालं. ते मला कधी कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं.


टिंबटिंब

पाच पृथ्व्या! दंडवत.


अडीचघर

हाच तो दुसरा खेळाडू, ताई. पटाच्या पलीकडे कोणीतरी बसलेला असायला हवा.


काकदृष्टी

चांदणचकवा यांचा किस्सा आवडला, मान्य करतो. पण त्यात क्लब या गोष्टीचं श्रेय किती आणि तुमचं किती? तुमच्यासारखा माणूस नसेल तर पुन्हा टॉवरच.


चांदणचकवा

माझं श्रेय दार ठोठावण्यापुरतं. पहिलं पत्र मी लिहिलं असतं तर "मिदी"ची चूक झालीच नसती, आणि त्या मुलीने शब्दकोशही उघडला नसता. उलट मला दोन्ही वेळा हात आवरावा लागला. तेच सगळ्यात कठीण काम. तुम्ही म्हणता ते खरं आहे, नुसती क्लबची पाटी लावून काही होत नाही.


मौनी

आमच्या शाळेत एका वर्षी ऐकू न येणारा एक मुलगा आला. त्याच्या बाकावरच्या दोघांनी त्याच्याकडून खुणा शिकायला सुरुवात केली. मग ती दोघं चार झाली आणि खोली मागायला आली. नियम एकच: चाळीस मिनिटं तोंडातून आवाज काढायचा नाही. लक्ष वेधायचं तर बाकावर हात आपटा किंवा दिवा लावा-विझवा. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटायचं आत सुतारकाम चाललंय.

एरवी जो सगळ्यात मागे असायचा, म्हणजे तो मुलगा, तोच तिथे सगळ्यात पुढे. बाकीचे अडखळत आणि तो हसत.

फ्रेंच क्लबला उपयोगी पडेल असं एक सांगते. खुणांची भाषा जगभर एकच असते असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही. इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे बोलायला इंग्रजी, पण ब्रिटिश खुणांत अक्षरं दोन हातांनी काढतात आणि अमेरिकन खुणांत एका हाताने. अमेरिकन खुणांचं नातं फ्रेंच खुणांशी आहे, कारण लॉरां क्लेर हा स्वतः बहिरा असलेला शिक्षक १८१६ मध्ये फ्रान्समधून अमेरिकेला गेला आणि पुढच्या वर्षी हार्टफर्डला बहिऱ्या मुलांची शाळा उघडली. मुलांना हे कळल्यावर ती नकाशा काढून बसली, कोणाचे हात कोणाकडून आले म्हणून.


उलटतपासणी

वादविवादाबद्दल थोडक्यात. शाळांच्या जागतिक स्पर्धेच्या पद्धतीत एका बाजूचे तीन वक्ते आणि प्रत्येकाला ८ मिनिटं. पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून मध्ये कधीही समोरचा उठून प्रश्न विचारू शकतो. घ्यायचा की नाही ते बोलणाऱ्याने ठरवायचं. हा उठण्याचा हक्क म्हणजे अख्ख्या खेळाचा जीव. परक्या भाषेत करायचं असेल तर ८ ची २ मिनिटं करा आणि विषय क्षुल्लक ठेवा. "गृहपाठ बंद व्हावा" यावर मुलं पाठ केलेलं बोलतात. "वर्गातली खिडकी उघडी की बंद" यावर स्वतःचं बोलतात, कारण खिडकीजवळ बसणारा तिथे हजर असतो.


आवाज_येतोय_का

हॅम रेडिओ (हौशी लोकांचा बिनतारी संच) क्लबवाले इथे कोणीच नाहीत का? आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या अंतराळवीरांशी शाळांना हॅम रेडिओवरून बोलता येतं. स्थानक क्षितिजावर उगवून मावळेपर्यंत सुमारे दहा मिनिटं मिळतात. मुलं रांगेत उभी, प्रत्येकाच्या हातात एक प्रश्न, आणि वाक्य संपलं की "ओव्हर" म्हणायचंच. तयारी कित्येक महिने, बोलणं दहा मिनिटं, आणि त्यातलं पहिलं मिनिट नुसती खरखर. त्या खरखरीत उभी असलेली पोरं बघायची असतात.


काकदृष्टी

९०.


अर्धविराम

कसं ते सांगा, नाहीतर ग्राह्य धरणार नाही.


काकदृष्टी

६० म्हणजे ३ विसा, ८० म्हणजे ४ विसा. ५० ला "अर्धा-तिसरा" म्हणतात, म्हणजे दोन पुरे आणि तिसरा अर्धा, अडीच विसा. ७० साडेतीन विसा. मग "अर्धा-पाचवा" म्हणजे साडेचार विसा, ९०. बसमध्ये सुटलं. याचा अर्थ मी क्लबांच्या बाजूचा झालो असा घेऊ नये.


अर्धविराम

शाब्बास काका. आता बक्षीस ऐका. आपला "अडीच" संस्कृत "अर्धतृतीय"वरून आलाय. अर्धा-तिसरा! डॅनिश माणूस पन्नास म्हणताना जी उडी मारतो तीच आपण अडीच म्हणताना मारतो. फक्त आपण मारली आहे हे विसरलोय.


अडीचघर

माझ्या नावाचा अर्थ आज कळला. घोडा दोन घरं पुरी जातो आणि तिसरं अर्धं!


फळाखडू

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. वाचनखूण साठवली आहे, आणि डॅनिशचं कोडं उद्याच वर्गात जाणार. फ्रेंचांचंही विसाचंच खूळ आहे, ९७ म्हणजे "चार-वीस-दहा-सात". बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधले लोक मात्र ९० ला सरळ "नोनांत" म्हणतात. मी ते दरवर्षी तळटीप म्हणून सांगत होते. आता आधी आकडे फळ्यावर लिहून गप्प बसेन.

जोडीदार शाळा शोधायला वेळ लागेल, तोवर काय ते बघते. एक प्रामाणिक शंका आहे: चुका होऊ द्यायच्या म्हणजे किती होऊ द्यायच्या? "सेर-एस्तार" वाचून मला रात्री झोप आली नाही, कारण त्या बाईंच्या जागी मीही तेच केलं असतं.


बाकावरून

बाई, आधी कुत्र्याचं विचारा, मग एस्तार सांगा. दोन्ही चालतं.


फळाखडू | तीन आठवड्यांनी

धागा वर काढतेय. पहिल्या शुक्रवारी डॅनिश आकडे, चौघांच्या गटात. १६ जण आले होते. घडाघडा बोलणारे दोघं वेगवेगळ्या गटांत गेले आणि दोघांचेही गट हरले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

दुसऱ्या शुक्रवारी स्क्रॅबल, अक्षरांच्या सोंगट्यांनी शब्द लावायचा खेळ. एका मुलाने विचारलं की फ्रेंच संचात के आणि डब्ल्यूला १०-१० गुण का, इंग्रजीत तर के ला ५ च आहेत. मी सांगणारच होते, जीभ चावली. मग त्यांना एवढंच सांगितलं की हा खेळ बनवणाऱ्या आल्फ्रेड बट्सने वर्तमानपत्राच्या पानांवरची अक्षरं मोजून सोंगट्या ठरवल्या होत्या. झालं. फ्रेंच बातम्यांची दोन पानं छापून घेतली आणि सगळी पोरं पेन्सिली घेऊन मोजायला बसली. ई सगळ्यात जास्त, के जवळजवळ नाहीच. फ्रेंच न येणाऱ्यांनाही मोजता येत होतं, आणि मोजता मोजता "हा शब्द पुन्हा पुन्हा येतोय, याचा अर्थ काय" असं आपसांत विचारणं चाललं होतं. कोणीतरी नायजेल रिचर्ड्सची गोष्ट शोधून आणली. त्या गृहस्थाने २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचं जगज्जेतेपद फ्रेंच बोलता येत नसताना जिंकलं, नुसते शब्द पाठ करून. "मग बाई, आम्हाला भाषा कशाला?" याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं.

तिसऱ्या शुक्रवारी १३ आले. ३ गळले, तेवढं चालायचंच. अहवालात पेन्सिली घेतलेल्या वाकलेल्या डोक्यांचा फोटो पाठवला. "यात उपक्रम दिसत नाही" असा शेरा आला.


चांदणचकवा

पुढच्या वेळी सावलीचा पाठवा. त्यात तर माणसंही दिसत नाहीत.


फळाखडू

आता नवीनच खूळ निघालंय, त्यासाठी मदत हवी. मुलांना मराठी संच बनवायचाय. फ्रेंच क्लबात मराठी संच! मी हो म्हटलं. पण काना-मात्रा-वेलांट्यांच्या वेगळ्या सोंगट्या करायच्या, की "का, कि, की" अख्खी अक्षरं करायची, यावर दोन तट पडलेत आणि बोलणं बंद आहे. जोडाक्षरांचं तर कोणी नावच काढत नाही.


अर्धविराम

मात्रा वेगळ्या करा, नाहीतर सोंगट्या पोत्यात भराव्या लागतील. जोडाक्षरांसाठी पाय मोडलेली एक सोंगटी द्या, कोणत्याही व्यंजनाखाली सरकवता येईल अशी. आणि आधी मोजू द्या. मोजल्यावर तट आपोआप फुटतील, नवीन पडतील.


काकदृष्टी

"ळ" किती ठेवताय? माझी मुलगी विचारतेय. म्हणजे मीच विचारतोय.


फळाखडू

मोजणी अर्धीच झालीय, पण "ळ" तीन तरी लागतील असं दिसतंय. वाद "ङ"वर आहे. एक गट म्हणतो नकोच.


टिंबटिंब

एक ठेवा. "वाङ्मय" लावणाऱ्याला पन्नास गुण.


अर्धविराम

हाल्वत्रेस.